पॉइंटांचे तिकीट आणि रद्द झालेले विमान
विमान कंपनीच्या सदस्य-योजनेत साठवलेल्या पॉइंटांवरचे तिकीट ‘फुकटाचे’ असल्याने विमान रद्द झाल्यास फक्त पॉइंट परत मिळतात, हे मत युरोपीय संघातून सुटणाऱ्या विमानांना लागू होत नाही. तेथील २६१/२००४ या नियमाच्या तिसऱ्या कलमात अशा तिकिटांचा स्पष्ट समावेश आहे, आणि आठव्या कलमानुसार परतावा घ्यायचा की पर्यायी विमान, हे प्रवाशाने ठरवायचे असते. फ्रँकफर्टहून मुंबईला येताना विमान रद्द झाले, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या विमानात ‘पॉइंटांची जागा शिल्लक नाही’ असे मलाही कंपनीकडून फोनवर ऐकवले गेले. त्याच विमानातल्या पैसे देऊन घ्यायच्या जागा मात्र संकेतस्थळावर विक्रीला होत्या. ते दाखवून कलमाचा क्रमांक सांगितल्यावर, पाऊण तासाने का होईना, त्या विमानाचे तिकीट मिळाले. तोवर पॉइंट परत घेण्याचे बटण दाबू नये, कारण परतावा स्वीकारला की पर्यायी विमान मागता येत नाही.