अनुभव धागा: उतरत्या आचेवरची नानकटाई

माझ्या लहानपणी कोल्हापुरात ओव्हन असलेलं घर सांग म्हटलं तर विचार करावा लागला असता. तरी दिवाळीची नानकटाई घरचीच असायची. पीठ घरचं, तूप घरचं, आच तेवढी बेकरीवाल्याची. भट्टी, वाळूचा कुकर, गोल ओव्हन, कढई... तुमच्या घरात ज्याच्यावर भाजलं जायचं त्याबद्दल लिहा. पाककृती कुठंही मिळतात, तुमच्याकडं ती कशी व्हायची ते सांगा. माप दिलंत तर वाटी कुठली तेही लिहा. आमच्या आज्जीच्या वाटीत आताच्या दीड वाट्या मावतात.

सुरुवात मीच करते. घर मंगळवार पेठेत. वसुबारसेच्या आधी एका दुपारी परात निघायची. म्हशीचं थिजलेलं तूप 1 वाटी, पिठीसाखर 1 वाटी, आणि तळहातानं फेटत राहायचं. तूप वितळवून घेतलं की संपलं, नानकटाई पत्र्यावर पसरते. मिश्रण हलकं झालं की आत्ती त्यातला थेंबभर गोळा पाण्यात टाकायची. तरंगला तर 2 वाट्या मैदा, मूठभर बारीक रवा, वेलदोडा. बुडाला तर पुन्हा फेटा. म्हशीचं तूप मुळातच पांढरं, त्यामुळं आमची नानकटाई पांढरी आणि पुण्याच्या मावशीची गाईच्या तुपातली पिवळसर. यावरून दरवर्षी टोमणे.

मग पत्रे घेऊन बेकरीत. संध्याकाळचे पाव निघाले की भट्टी निवायला लागते, त्या उतरत्या आचेवर घरोघरचे पत्रे आत जायचे. पावाच्या आचेला नानकटाई वरून करपते आणि आत कच्ची राहते. भाजणावळ किलोवर. पत्रे बदलू नयेत म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली: कुणाची चारोळी, कुणाचा बदामाचा काप, आमची किल्लीच्या टोकानं दाबलेली फुली. तरी पोरांना राखणीला बसवायचेच. "मी सकाळी नंबर लावून आलो, आता तुम्ही जावा आणि पत्र्यावरची नजर हलवू नका," असा आत्तीचा हुकूम. गरम नानकटाई मऊ असते, उचलली की मोडते, आणि मोडलेली राखणदाराची. आम्ही बऱ्याच उचलायचो.

शाहूपुरीकर
नाद खुळा धागा! आमच्याकडं वाळूचा कुकर. पंचगंगेची वाळू चाळून, धुऊन, उन्हात वाळवून डालड्याच्या डब्यात भरून ठेवलेली, आणि त्या डब्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. कुकरची शिट्टी आणि रबर काढायचं, तळाला बोटाच्या पेराएवढी वाळू, दहा मिनिटं कोरडाच तापवायचा, मग आत केकचं भांडं. 2 वाट्या रवा, 1 वाटी साखर, 1 वाटी आंबट दही, अर्धी वाटी तूप, लागेल तसं दूध. रवा अर्धा तास भिजला पाहिजे, सोडा शेवटी. दही आणि सोडा भेटले की थांबायचं नाही, लगेच भांडं कुकरात. आई सुरी न खुपसता नुसत्या वासावर गॅस बंद करायची. मला अजून सुरी लागते.

डालडा पार्टी
तुपाचं कौतुक चाललंय म्हणून लिहितो. आमच्याकडं दिवाळीचं सगळं डालड्यात. सात माणसांच्या घरात तूप वरणभातावर पुरलं तरी खूप. आणि नानकटाई झकास खुसखुशीत व्हायची, हे कुणीतरी सांगायला पाहिजे. आज मी ती लोण्यात करतो. तब्येतीला बरं असेल, पण ती चव डालड्याचीच होती.

नाताळवाली
आमचं लहानपण वायल्डर मेमोरियल चर्चच्या परिसरातलं. नाताळच्या ताटात करंजी, चकली, शंकरपाळी आणि केक शेजारीशेजारी. मनुका आणि टुटीफ्रुटी नोव्हेंबरातच संत्र्याच्या रसात भिजत पडायच्या. रंगासाठी जळकी साखर, आणि हे काम पप्पांचंच. साखर लोखंडी कढईत काळपट होईपर्यंत जाळायची, धूर यायला लागला की लांबूनच गरम पाणी ओतायचं. असा फुत्कार निघायचा की आम्हा पोरांना आधीच अंगणात हाकललेलं असायचं. जरा आधी थांबलं तर केक फिका, जरा जास्त झालं तर कडू. पप्पा त्या वेळी कुणाशी बोलत नसत. शेजारच्या काकू दिवाळीला ताट पाठवायच्या, त्या ताटाची परतफेड हा केक. रिकामं ताट परत द्यायची पद्धतच नव्हती.

सोडा की अमोनिया?
बेकरीच्या नानकटाईला ते भेगाळलेलं तोंड येतं, ते कशानं?

धागाकर्ती
बऱ्याच बेकऱ्या अमोनिया वापरतात, म्हणजे अमोनियम बायकार्बोनेट, सोड्यासारखी फुगवणारी खायची पूड. पातळ, कोरड्या बिस्किटातून त्याचा वास आचेनं उडून जातो. केकसारख्या जाड, ओल्या वस्तूत अडकून बसतो, म्हणून तिथं नको. घरी सोडा चिमूटभर पुरे.

राजारामपुरी
माझी आठवण लहानपणची नाही, पण पाककृती आज्जीची आहे. ऑगस्ट 2019 चा महापूर. हायवे बंद, दूध नाही, दुकानातला ब्रेड-बिस्किटांचा फळा रिकामा. आमच्याकडं पूर आलेल्या भागातले पाहुणे, त्यात चार लहान पोरं. घरात गव्हाचं पीठ आणि गूळ भरपूर, कोल्हापुरात गूळ संपतोय कुठं! आई म्हणाली, आज्जी करायची ती कणकेची बिस्किटं करू. गूळ किसून जेमतेम पाण्यात विरघळवायचा, गाळून घ्यायचा (गाळाच, खडे निघतात), तेलाचं कडकडीत मोहन, बडीशेप, चिमूटभर मीठ. घट्ट मळून जाड लाटायचं आणि वाटीनं गोल पाडायचं. जाड कढईत मिठाचा थर, त्यावर ताटली, वर झाकण, मंद आच. सिलिंडर पुरवायचा होता म्हणून एका वेळी दोन मजली रचलं. कडक झाली, चहात बुडवल्याशिवाय दाताला दाद देत नव्हती, आणि चहा कोराच. पोरांनी डबा संपवला. त्यातला एक आता कॉलेजात आहे. आला की अजून तीच मागतो, दुधाचा चहा असला तरी.

पुण्यात अडकलेला
आज्जी भट्टीच्या तोंडाशी हात धरून आच सांगायची. बहिणीनं त्याचं भाषांतर 160 अंश, 18 मिनिटं असं केलंय. जमतं. पण एक प्रश्न: हल्ली कोल्हापुरात कुणी घरचे पत्रे भाजून देतं का?

शाहूपुरीकर
देतात की, पण सगळे नाही. दिवाळीच्या ऐन आठवड्यात त्यांच्याच ऑर्डरी असतात, उभं करत नाहीत. दहा-बारा दिवस आधी जा, दुपारीच विचारून ठेव. पत्रा तुझा तू ने, आणि खूण कर.