टाळेबंदीतला मायनस नंबर: मोबाइलने लावला की बंद दाराने?

पडसावली:
करोनात मुलांना चष्मे लागले ते मोबाइलमुळे, हे पालकसभेपासून चष्म्याच्या दुकानापर्यंत सगळे ठामपणे सांगतात. मला हे निदान अर्धवट वाटतं, आणि त्यामुळे उपायही अर्धाच होतो. मोबाइल कपाटात जातो, मूल मात्र ट्यूबलाइटखालीच राहतं.

चीनमधल्या शांदोंग प्रांतातलं फेइचंग घ्या. तिथल्या १० प्राथमिक शाळांत २०१५ पासून मुलांचे डोळे तपासले जात होते. ६ ते १३ वयाची १,२३,५३५ मुलं त्यात आली. जानेवारी ते मे २०२० मुलं घरात होती. त्यानंतरच्या तपासणीत सहा वर्षांच्या २१.५ टक्के मुलांना मायनस नंबर निघाला. आधीच्या कुठल्याही वर्षी हा आकडा ५.७ च्या वर गेला नव्हता. सात वर्षांच्या मुलांत २६.२ टक्के (आधी जास्तीत जास्त १६.२), आठ वर्षांच्या मुलांत ३७.२ (आधी २७.७). नऊच्या पुढे फारसा फरक नाही. आता हे बघा: तिथे पहिली-दुसरीला ऑनलाइन वर्ग रोज १ तास होते, तिसरी ते सहावीला अडीच तास. पडदाच दोषी असता, तर मोठ्या मुलांचा नंबर जास्त हलायला हवा होता.

खोलीत उजेड १०० ते ३०० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो. बाहेर झाडाच्या सावलीतही तो हजारांत जातो, उन्हात १० हजारांच्या वर. भरपूर उजेडात दृष्टिपटलात डोपामिन हे रसायन सुटतं आणि डोळ्याची पुढून मागपर्यंतची लांबी वाढण्याचा वेग मंदावतो, असं मानलं जातं. सहाव्या-सातव्या वर्षी डोळा अजून वाढत असतो, म्हणून कोंडून ठेवल्याचा फटका त्या वयाला बसला.

भिंगधारी:
तुमचा पायाच कच्चा आहे. फेइचंगची तपासणी डोळ्यातला स्नायू सैल करणारे थेंब न टाकता, फोटो काढणाऱ्या यंत्राने झाली होती. जवळचं बघून डोळ्यातला स्नायू आखडलेला असला की यंत्र मायनस नंबर दाखवतं, आणि थेंब टाकल्यावर तो कमी होतो किंवा जातो. लहान मुलांत हे जास्त घडतं. शिवाय आधीच्या वर्षांची तपासणी सप्टेंबरात व्हायची, २०२० ची जूनमध्ये झाली. तिथल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे जूननंतर, मुलं बाहेर असतात आणि नंबर हळू वाढतो. त्या सुट्टीचा फायदा २०२० च्या आकड्यात आलेलाच नाही.

आणखी एक. सहा वर्षांच्या मुलांचा नंबर सरासरी फक्त ०.३ डायऑप्टरने (नंबर मोजायचं एकक) मायनसकडे सरकला होता. मायनस ०.५० ही रेघ मानली, की रेघेच्या अलीकडे दाटीने उभी असलेली मुलं एवढ्याशा ढकलण्याने पलीकडे जातात. टक्केवारी चौपट दिसते, डोळा चौपट बिघडलेला नसतो.

अंतराचं गणित तर तुम्ही सोडूनच दिलंत. ३ मीटरवरच्या टीव्हीला डोळ्याला पाव-अर्धा डायऑप्टरचा जोर लागतो, ३३ सेंटिमीटरवरच्या पुस्तकाला ३ चा, २० सेंटिमीटरवरच्या मोबाइलला ५ चा. जुलै २०२० मध्ये केंद्राच्या ऑनलाइन वर्गांसाठीच्या ‘प्रज्ञाता’ सूचनांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रं होती. पण वर्ग संपला तरी मोबाइल हातातच. सह्याद्री वाहिनीवरची ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका डोळ्यांसाठी त्याहून बरी होती, कारण टीव्ही कुणी नाकाला लावून बघत नाही.

पडसावली:
थेंबांचा मुद्दा मान्य. म्हणून हाँगकाँगचा अभ्यास घ्या, तिथे थेंब टाकूनच तपासलं होतं. ६ ते ८ वयाच्या, महासाथीतल्या ७०९ मुलांपैकी साधारण आठ महिन्यांत १९.४४ टक्क्यांना नव्याने मायनस नंबर लागला. बाहेरचा वेळ रोज १.२७ तासांवरून ०.४१ वर आला होता.

भिंगधारी:
आणि पडद्याचा वेळ २.४५ तासांवरून ६.८९ वर गेला होता. तो आकडा तुम्ही वगळलात. एकाच वेळी दोन्ही बदललं, तर दोष एकाच्या माथी कसा मारणार?

पडसावली:
त्या अभ्यासातून मारता येत नाही, हे खरं. पण महासाथीच्या आधी मुलांना मुद्दाम बाहेर काढून पाहिलेलं आहे. चीनमधल्या ग्वांगचौच्या १२ शाळांत चिठ्ठ्या टाकून निम्म्या शाळांना रोज ४० मिनिटांचा जादा बाहेरचा तास दिला. तीन वर्षांत तिथे ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला, उरलेल्या शाळांत ३९.५ टक्क्यांना. दिल्लीच्या शाळकरी मुलांच्या पाहणीतही आठवड्याला १४ तासांहून जास्त बाहेर असणाऱ्यांत धोका कमी दिसला.

खडूफळा:
वाद चालू द्या, पण ४० मिनिटं वेळापत्रकात बसतात कशी ते सांगते. परिपाठ वर्गात न घेता मैदानावर: १० मिनिटं. पोषण आहाराची पंगत झाडाखाली किंवा उघड्या पडवीत: २० मिनिटं. पाढे, कविता, परिसर अभ्यास यांतलं काहीतरी बाहेर: १० मिनिटं. ‘खेळाचा तास’ एवढ्यावर विसंबलं तर तो गणिताला जातो, म्हणून तीन तुकडे करावेत.

विदर्भ-मराठवाड्यात मार्चनंतर सकाळची शाळा असते, तेव्हा नऊच्या आत उरकावं. सावली चालते, टोपी चालते. उजेड हवा, चटका नको. कोकणात पावसात पडवीची उघडी बाजू वापरावी. दोन गोष्टी फसतात: बाहेर बसवून वहीत लिहायला लावणं, कारण मान खाली गेली की नजर परत वीतभर अंतरावर येते, आणि जाळीवर गडद ताडपत्री टाकून केलेली ‘सावली’, तिच्याखाली वर्गाइतकाच अंधार होतो.

थेंबघर:
तपासणीचंही बोलू या, कारण चुकीचा चष्मा हे वेगळंच नुकसान आहे. तक्ता ६ मीटरवर, त्यावर भरपूर उजेड. ज्यांना अक्षरं येत नाहीत त्यांना चार दिशांचे ‘ई’. एक डोळा तळहाताने झाकायचा. बोटांनी झाकला तर फटीतून दिसतं आणि दाबल्याने तो डोळा नंतर धूसर बघतो. मूल डोळे बारीक करत असेल तर थांबवा, तशाने एखाद-दोन ओळी जास्त वाचल्या जातात. रांगेतली मुलं ओळ पाठ करतात, म्हणून तक्ता बदलत राहा. कुठल्याही डोळ्याने ६/९ ची ओळ (निरोगी डोळ्याला ९ मीटरवरूनही वाचता येते ती) चुकली तर पुढे पाठवा.

पुढे पाठवलेल्या मुलाला नुसत्या यंत्राच्या चिठ्ठीवर चष्मा देऊ नये. स्नायू सैल करणारं सायक्लोपेंटोलेट १ टक्का, एक थेंब, ५ ते १० मिनिटांनी दुसरा, मग ३०-४५ मिनिटं थांबून तपासणी. जवळचं दिवसभर धूसर दिसेल हे आईवडिलांना आधीच सांगावं, नाहीतर ते दुसऱ्या दिवशी घाबरून परत येतात. सहा वर्षांच्या मुलाचा नंबर शून्य निघाला तरी निश्चिंत होऊ नका. त्या वयात साधारण प्लस ०.७५ शिल्लक हवा. ती शिल्लक संपलेलं मूल पुढच्या वर्षी मायनसमध्ये जाण्याची शक्यता मोठी. आणि ‘कमी नंबर देऊ, म्हणजे वाढणार नाही’ ही समजूत चुकीची आहे. नंबर पूर्ण द्यावा.

भिंगधारी:
खडूफळा यांची योजना माझ्या शाळेत उद्या लावली तर मी विरोध करणार नाही. पण ग्वांगचौच्याच प्रयोगात डोळ्याच्या लांबीत दोन गटांत ठळक फरक सापडला नव्हता, हेही सांगायला हवं. आणि टाळेबंदीत ज्यांना नंबर लागून गेला, त्यांचं काय? लांबलेला डोळा मैदानावर नेऊन आखूड होत नाही. त्यांना कमी ताकदीचे ॲट्रोपिन थेंब, दर सहा महिन्यांनी लांबीची मोजणी आणि मोबाइल हातभर दूर, एवढं तरी लागतंच. हाँगकाँगच्याच एका चाचणीत पहिल्या वर्षी ०.०५ टक्के थेंबांनी नंबराची वाढ ६७ टक्के रोखली, ०.०१ ने २७ टक्के.

थेंबघर:
बरोबर, फक्त ते थेंब एकदम बंद करू नयेत. ताकद जास्त असेल तर बंद केल्यावर नंबर उसळी घेतो. आणि ते नेत्रतज्ज्ञांनी लिहून दिल्याशिवाय, शेजारच्या मुलाची बाटली बघून तर अजिबात सुरू करू नयेत.

पडसावली:
नंबर लागलेल्यांबाबत तुमचं म्हणणं मी मान्य करतो. माझा आग्रह पहिली-दुसरीच्या मुलांसाठी आहे, ज्यांची प्लसची शिल्लक अजून हातात आहे. खडूफळा, परिपाठाची ती १० मिनिटं सोमवारपासून मैदानावर घ्यायची तर मुख्याध्यापकांना अर्ज कसा लिहावा, तेवढं इथे टाका.