मदत हवी आहे: बिबड्या आणि कूलर मिळून ८,५०० रुपये दंड, सोसायटीला काय उत्तर देऊ?

नमस्कार मंडळी,

जळगावात चार मजली, चोवीस फ्लॅटच्या सोसायटीत आम्ही अकरा वर्षं राहतोय. घर तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेकडचं. ज्यांनी जळगावचा मे महिना काढलाय त्यांना ‘पश्चिमेकडचं’ एवढंच सांगून पुरे.

परवा मेंटेनन्सचं बिल आलं. नेहमीचे १,२०० आणि त्याखाली पेनाने लिहिलेलं, ‘नियमभंग दंड ८,५००’. त्याखाली आणखी एक ओळ, ‘न भरल्यास दरमहा २ टक्के व्याज’. आधी वाटलं शेजारच्यांचं बिल आमच्या दारात पडलं. पण नाव आमचंच.

हिशोब विचारला तो असा: गच्चीवर वाळवण टाकलं म्हणून तीन दिवसांचे रोज पाचशे, म्हणजे १,५००. खिडकीबाहेर कूलर ठेवला म्हणून २० एप्रिल ते २४ मे, पस्तीस दिवसांचे रोज दोनशे, म्हणजे ७,०००.

आधी बिबड्यांचं, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांचं सांगते, कारण माझा जीव तिथेच अडकलाय. सासूबाई एरंडोलकडच्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या बिबड्या ठरलेल्या. ज्वारी भिजत घालायची, निथळून भरडायची, पहाटे उठून तीळ-जिरं-लसूण-मिरची घालून घाटा शिजवायचा. गच्चीवर दोन खाटा, त्यांवर ओलं धोतर, हाताला पाणी लावून एकेक थापायची. दोन दिवस निभावलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी वर गेले तर गच्चीच्या दाराला कुलूप. किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी भुसावळला. बिबड्या अर्धवट सुकल्या की कापडाच्या मागून पाण्याचा हात फिरवून सोडवाव्या लागतात. ती वेळ गेली की मग त्या कापडाला धरून बसतात. संध्याकाळी सहाला कुलूप उघडलं तेव्हा एकही अख्खी निघाली नाही. सासूबाईंनी तुकडे पदरात गोळा केले आणि जिन्यात उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, “बिबड्या टाकाले नही, ते मंग गच्ची कसाले शे?” ते तुकडे डब्यात आहेत. पोरं ते दाण्यांसोबत खातात आणि मजेत आहेत, तो भाग वेगळा.

आता कूलर. नोटिशीत म्हटलंय, इमारतीचं बाह्यरूप बिघडतं आणि खालच्यांच्या अंगणात पाणी टपकतं. टपकण्याचं मला मान्य आहे, पंपाची नळी सैल होती, ती मिस्त्रीकडून बदलून घेतली. पाणी वाया जातं हेही कोणी म्हणालं, वाघूर धरणाचं पाणी आमच्याकडे रोज येत नाही, तेव्हा तेही समजू शकते. पण त्याच भिंतीवर एसीचे पाच डबे लटकलेत, त्यांच्या नळ्याही टपकतात, त्यांना काही नाही. एसीने इमारतीची शोभा वाढते की काय देव जाणे. सात दिवसांत कूलर काढा म्हणून नोटीस आली तेव्हा बाहेर ४४ होतं आणि सासऱ्यांना दम्याचा त्रास आहे. नाही काढला.

सेक्रेटरी वाईट माणूस नाही, हेही लिहायला हवं. सासऱ्यांना रात्री दोन वाजता दवाखान्यात त्यांनीच त्यांच्या गाडीतून नेलं होतं. सहा वर्षं फुकट काम करतायत, दुसरं कोणी ते पद घ्यायला तयार नाही. गच्ची गळायची, वॉटरप्रूफिंगला प्रत्येक फ्लॅटने अकरा हजार भरले, त्यामुळे गच्चीबाबत ते हळवे झालेत हे कळतं. पण यंदा नोटीस बोर्डावर ‘थकबाकीदार’ म्हणून आमचा फ्लॅट नंबर लाल पेनने लावलाय. आमच्याकडे आजवर एक रुपया थकला नाही. सासूबाईंना वाचता येतं. त्या आता लिफ्टने जातात, बोर्ड जिन्यात आहे म्हणून.

सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं तर ‘नियम म्हणजे नियम’ आणि त्याखाली चौदा अंगठे.

मला भांडण नकोय, पण कागदावर नीट उत्तर द्यायचंय. कमिटी असा रोजचा दंड लावू शकते का? त्याला काही मर्यादा असते का? दंड न भरता फक्त मेंटेनन्स भरला तर ते घ्यायला नकार देऊ शकतात का? कोणी अशातून गेलं असेल तर सांगा.

– केळीचं पान

धुळेकर: ताई, आधी एक बघा. तुमची सहकारी सोसायटी आहे की अपार्टमेंट? आपल्याकडे सगळ्यालाच सोसायटी म्हणतात. आमचं धुळ्याचं प्रकरण १९७० च्या अपार्टमेंट कायद्यातलं निघालं. तिथे बिल्डरने नोंदवलेलं घोषणापत्र आणि त्याच्यासोबतचे नियम बघावे लागतात, सगळी गाडी वेगळ्या रुळावर. मी चार महिने चुकीच्या कायद्याची कलमं पाठ करत होतो.

केळीचं पान: सहकारीच आहे. बिलावर ‘सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’ आणि नोंदणी क्रमांक छापलाय.

माजी सचिव: मग १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आणि तुमच्या संस्थेचे उपविधी, म्हणजे संस्थेचे स्वतःचे नोंदलेले नियम. बहुतेक संस्थांनी शासनाचे आदर्श उपविधी जसेच्या तसे घेतलेले असतात, तुमच्याकडे तेच आहेत असं धरून लिहितो, पण प्रत मागवून पडताळा.

दंड लावता येतो. पण कोणत्या नियमभंगाला किती दंड हे ठरवायचा अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे, कमिटीचा नाही. सभेने दर ठरवल्यावर कमिटीने आधी तुमच्या लक्षात आणून द्यायचं, तरी चालू राहिलं तर कारणे दाखवा नोटीस द्यायची, तुमचं म्हणणं ऐकायचं आणि मग दंड. आणि तो एका आर्थिक वर्षात ५,००० रुपयांच्या वर जाऊ शकत नाही. तुमचे दोन्ही प्रकार एप्रिलपासूनचे, म्हणजे एकाच आर्थिक वर्षातले. ८,५०० हा आकडा तिथेच पडला.

व्याजाचं: २०१४ च्या आदर्श उपविधींमध्ये थकबाकीवर जास्तीत जास्त वर्षाला २१ टक्के सरळव्याज आहे. दरमहा दोन म्हणजे चोवीस झाले.

मेंटेनन्स मात्र वेळेवर भरा. चेकने किंवा ऑनलाइन, आणि ‘अमुक महिन्याचा देखभाल खर्च’ असं स्पष्ट लिहून. रागात तोही थांबवलात तर खरोखरचे थकबाकीदार व्हाल आणि मग कमिटीची बाजू भक्कम होईल. हे मी सचिव असताना दुसऱ्या बाजूने पाहिलंय. लोक दंडावर चिडून सगळंच बंद करतात आणि आम्हाला आयतं सापडतात.

आधी अर्ज करा: सभेचं इतिवृत्त आणि दंडाचा ठराव दाखवा, प्रत द्या. सभासदाला तो हक्क आहे. २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी कायद्यात १३-ब हे वेगळं प्रकरण आलं, त्यातही तो आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. उत्तर नाही आलं तर तालुक्याच्या सहकारी संस्था निबंधक कार्यालयात. सहकार न्यायालय कलम ९१ खाली आहेच, पण बिबड्यांसाठी तिथपर्यंत जाऊ नका.

वरचा मजला: मी चौथ्या मजल्यावर राहतो (तुमच्या नव्हे, पाचोऱ्यात). दुसरी बाजू कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. आमच्या वर कोणी खाटा ओढल्या, कोणी पापडाची चूल पेटवली, कोणी गोधड्या धुतल्या. दोन पावसाळे आमच्या पलंगावर बादली होती. वॉटरप्रूफिंगवर खाटेचे पाय ओढले की थर फाटतो आणि ते जुलैतच कळतं. तुम्ही खाटांखाली काही ठेवलं होतं का?

केळीचं पान: नव्हतं. खरं सांगायचं तर सुचलंच नाही.

वरचा मजला: मग तेवढं मान्य करून टाका. आमच्याकडे आता जुन्या टायरचे तुकडे पायांखाली घालतात आणि चूल घरात. कोणी तक्रार करत नाही.

धुळेकर: कुलूप लावून गावाला जाणं मात्र मला पटलं नाही. गच्ची सगळ्यांची, आग लागली तर माणसं वर जातील कशी?

माजी सचिव: बरोबर. अर्जात हा मुद्दा घाला, पण टोमणा न मारता. दुसरं, गच्ची थोड्या वेळासाठी वापरायची तर आधी लेखी अर्ज करून परवानगी घेता येते. पुढच्या वर्षी मार्चमध्येच तारखा देऊन टाका.

खापरावरची: कायद्याचं कळत नाही. तुटक्या बिबड्या विकणार का? पुण्यात अख्ख्याही मिळत नाहीत.

केळीचं पान: 😄 सासूबाईंना विचारते.

तर, झालं ते सांगते. सोमवारी अर्ज दिला, बुधवारी सेक्रेटरींनी इतिवृत्ताचं रजिस्टर स्वतः घरी आणून दिलं. चहा घेतला नाही, पण बसले. तीन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेचा ठराव: ‘गच्चीची गळती लक्षात घेता गच्चीचा वापर नियंत्रित करावा. कुलूप लावण्याचा अधिकार समितीस देण्यात येत आहे.’ सूचक म्हणून चौथ्या मजल्यावरचे एक काका. अनुमोदक कोण, तर मी. माझीच सही. त्या वर्षी गच्चीवर पोरं क्रिकेट खेळायची आणि चेंडू आमच्या कुंड्यांवर यायचे, म्हणून मी हात वर केला होता. कुलपाचं मीच दिलं आणि आता त्यावरच रडतेय. नवऱ्याने वाचलं आणि काही न बोलता पान उलटलं, ते जास्त लागलं.

दंडाचा मात्र एकही आकडा कुठल्या ठरावात नाही. पाचशे आणि दोनशे हे कमिटीच्या बैठकीत ठरले, त्याचा कागदही गेल्या महिन्याचा. कूलरचा तर सभेत विषयच कधी निघाला नाही. हे दाखवलं तेव्हा सेक्रेटरी बराच वेळ रजिस्टर चाळत राहिले. म्हणाले, “पण मग लोक ऐकणार कसे?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मसुदा असा केलाय. मेंटेनन्सचे १,२०० सोबत भरत आहे. खाटांच्या पायांखाली काही न ठेवल्याची चूक मान्य, पुढे रबर घालीन. कूलरची नळी बदलली आहे, खाली ट्रे लावला आहे. सभेने दर ठरवलेले नसल्यामुळे दंड मला मान्य नाही, तो बिलातून काढावा आणि बोर्डावरचा आमचा नंबर पुसावा. कूलर आणि एसी दोन्हींसाठी एकच नियम सभेपुढे ठेवावा. गच्चीची दुसरी किल्ली पहारेकऱ्याकडे असावी.

माजी सचिवकाका, शेवटचं एक विचारायचंय. बोर्डाबद्दलचं वाक्य मी सगळ्यात वर घ्यावं म्हणते. नवरा म्हणतो, आधी पैशाचं लिही, भावनेचं शेवटी. पण जिन्यातून रोज मला जावं लागतं, त्याला नाही, तो गाडी खालच्या दाराने काढतो. वर घेतलं तर अर्ज कमकुवत होतो का?

माजी सचिव: होत नाही. वर घ्या. फक्त ‘पुसावा’च्या जागी ‘सात दिवसांत पुसून तसे लेखी कळवावे’ असं करा. त्यांनी तुम्हाला सात दिवस दिले होते ना.

केळीचं पान: केलं. आज सकाळी दिला, पोच मिळाली. सभा २१ जूनला ठेवलीय, विषयपत्रिकेत चार नंबरला ‘कूलर व एसी’. कूलर चालू आहे.