हिमोग्लोबिन ११.२, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) ९: लोहाची गोळी रोज की एक दिवसाआड?

चाफा: वय ३४, गरोदर नाही. एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ७४. डॉक्टरांनी फेरस अस्कॉर्बेट दिलंय, पाकिटावर ‘एलिमेंटल आयर्न १०० मिग्रॅ’ (म्हणजे प्रत्यक्ष लोह) असं छापलंय. चहा-नाश्त्यानंतर लगेच घेते. पोट जड राहतं, शौचाला खडा होतो, रंगही काळा. उठल्या उठल्या थायरॉईडची गोळी असतेच. लोह रोजच घ्यायला हवं का? किती महिने? बीट-डाळिंबावर नाही का भागणार?

औषधवाला: पहिलं म्हणजे वेळ बदला. चहातले टॅनिनसारखे घटक लोहाला आतड्यातच धरून ठेवतात. पोळीतलं फायटेट आणि दुधातलं कॅल्शियमही शोषण कमी करतं. थायरॉक्सिन (तुमची थायरॉईडची गोळी) आणि लोह यांत किमान ४ तास हवेत, नाहीतर थायरॉक्सिनही नीट लागू पडत नाही आणि टीएसएच (थायरॉईडच्या तपासणीतला आकडा) उगाच वाढलेला दिसतो. सकाळी साडेसहाला थायरॉक्सिन, आठला चहा-नाश्ता, अकराला लोह साध्या पाण्याबरोबर, एकला जेवण. हे बसतं. लिंबूपाणी घेतलंत तर चालेल, पण त्यावाचून काही अडत नाही. कॅल्शियमची गोळी रात्री. पॅन्टोप्राझोल (ॲसिडिटीची गोळी) रोज चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. पोटातलं आम्ल घटलं की लोह कमी शोषलं जातं.

केमिस्टने दुसरी गोळी दिली तर लोहाच्या क्षाराचं (फेरस सल्फेट वगैरेचं) वजन पाहू नका, एलिमेंटल आकडा पाहा. फेरस सल्फेटच्या २०० मिग्रॅ गोळीत प्रत्यक्ष लोह साधारण ६५ मिग्रॅच असतं. ‘पोटाला त्रास नको’ म्हणून हळू विरघळणारी गोळी घेण्यातही तोटा आहे: लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि ती गोळी विरघळेपर्यंत तो भाग मागे पडलेला असतो.

लॅबवाली: एक दिवसाआडचा प्रश्न रास्त आहे. ६० मिग्रॅ किंवा जास्त लोह पोटात गेलं की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि ते साधारण २४ तास आतड्याचं दार अर्धवट लावून घेतं. दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं लोह त्यामुळे कमी प्रमाणात आत जातं. उरलेलं आतड्यातच राहून मळमळ, बद्धकोष्ठ करतं. दिवसातून दोनदा घेण्यात तर फारसा अर्थच नाही. सौम्य ॲनिमियात एक दिवसाआड एक गोळी हा चांगला पर्याय आहे. डॉक्टरांना विचारून बदल करा आणि वार ठरवून घ्या, नाहीतर हमखास विसरायला होतं.

काळसर-हिरवट शौच म्हणजे न शोषलेलं लोह, काळजी नको. डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं असेल तर मात्र रक्तस्राव असू शकतो, त्याच दिवशी दाखवा.

४ आठवड्यांनी हिमोग्लोबिन तपासा. १ ग्रॅमच्या आसपास वाढ दिसली तर औषध लागू पडतंय. एक दिवसाआड घेताना थोडा उशीर लागू शकतो. आकडा १२ च्या वर गेला की बरेच जण गोळी सोडतात, आणि इथेच घोळ होतो. साठा तेव्हा रिकामाच असतो. त्यानंतर साधारण ३ महिने चालू ठेवून मग फेरिटिन पाहायचं. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना ते तपासू नका, आकडा खोटा वाढतो.

औषधवाला: बिटाचा लाल रंग फसवा आहे, १०० ग्रॅम बिटात १ मिग्रॅही लोह नसतं. आहार सुधाराच, पण फेरिटिन ९ असताना गोळीला पर्याय नाही.

चाफा: आरबीसी काउंट (तांबड्या पेशींची संख्या, दशलक्षांत) ४.७ आहे. थॅलेसेमियाचं (आनुवंशिक रक्तदोषाचं) काही असेल का?

लॅबवाली: एमसीव्ही ७४ भागिले आरबीसी ४.७ म्हणजे १५.७. हा भागाकार १३ च्या खाली आला तर थॅलेसेमिया मायनरची (त्याच्या सौम्य प्रकाराची) शंका घेतात. तुमचा कल लोहाच्या कमतरतेकडेच आहे, आणि फेरिटिन ९ ने ते पक्कं होतं. गोळी नियमित घेऊनही एमसीव्ही हललं नाही, तर एचबीए-२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) मोजण्यासाठी एचपीएलसी ही रक्ततपासणी करा. पाळीत जास्त रक्त जात असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना आत्ताच दाखवा. गळती चालू राहिली तर गोळ्या पुऱ्या पडत नाहीत.

औषधवाला: घरात लहान मूल असेल तर गोळ्या कुलपात ठेवा. १० किलोच्या बाळाने अशा ६ गोळ्या गिळल्या तर जिवावर बेतू शकतं. नुसता संशय आला तरी उलटीची वाट न पाहता, पाकीट बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठा.