सी लायब्ररीने मूळ स्ट्रिंग द्यावी की नक्कल?

प्रश्न:
कॉन्फिग फाइल (प्रोग्रॅमच्या सेटिंग्जची फाइल) वाचणारी सी भाषेतली छोटी लायब्ररी आहे. कॉन्फिग_गेट हॅश टेबलमधल्या मूळ स्ट्रिंगचाच पॉइंटर (मेमरीतला पत्ता) देतं. फाइल रीलोड झाली की जुना पॉइंटर धरून बसलेला कोड कोसळतो. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) ‘हीप-यूज-आफ्टर-फ्री’, म्हणजे सोडून दिलेली मेमरी वापरल्याची चूक, दाखवतो. दर वेळी स्ट्रडप करून (नवी मेमरी घेऊन नक्कल करून) द्यावं, तर वापरणारे ती मेमरी फ्री करायला (सोडायला) विसरणार. काय करावं?

प्रतिसाद १:
मूळच द्या, पण ‘कॉन्स्ट चार’ पॉइंटर (फक्त वाचण्यापुरता) म्हणून, आणि तो कधीपर्यंत चालेल ते हेडरमध्येच (लायब्ररीची फंक्शनं जाहीर करणाऱ्या फाइलमध्येच) लिहा. एसक्यूलाइट या डेटाबेस लायब्ररीचं, कॉलममधला मजकूर देणारं कॉलम_टेक्स्ट असंच आहे: पुढचं स्टेप, रीसेट किंवा फायनलाइज होईपर्यंतच पॉइंटर वैध. (त्याच कॉलमचा टाइप बदलणारा कॉल झाला तरी तो बाद होतो, हे पुष्कळांच्या नजरेतून सुटतं.) ज्याला स्ट्रिंग जपून ठेवायची आहे त्याने स्ट्रडप करावं. नुसतं स्ट्रसीएमपी (स्ट्रिंगची तुलना) करायला मॅलॉक (नवी मेमरी मागणं) कशाला?

प्रतिसाद २:
एकच थ्रेड (प्रोग्रॅममधला कामाचा स्वतंत्र धागा) असेल तर पटतं. रीलोड वेगळ्या थ्रेडवर होत असेल तर वापरणाऱ्याने लगेच स्ट्रडप करूनही उपयोग नाही. स्ट्रडप आधी लांबी मोजतं, मग बाइट उचलतं. तेवढ्यात दुसरा थ्रेड मूळ स्ट्रिंग फ्री करून मोकळा. नक्कल लायब्ररीनेच, लॉक (दुसऱ्या थ्रेडला थांबवून ठेवणारं कुलूप) हातात असताना करायला हवी.

आणि नकलेची मेमरी सोडायला कॉन्फिग_फ्री द्याच. विंडोजवर डीएलएल (लायब्ररीची फाइल) आणि एक्झी (प्रोग्रॅमची फाइल) वेगवेगळ्या सी रनटाइमला (मॅलॉक, फ्री पुरवणाऱ्या लायब्ररीला) जोडलेले असले, तर एकाच्या मॅलॉकला दुसऱ्याचं फ्री चालत नाही, हीप (मॅलॉकचा मेमरीसाठा) बिघडतो.

प्रतिसाद ३:
वापरणाऱ्याचाच बफर (मजकुरासाठी राखलेली मेमरी) घ्या, एसएनप्रिंटएफ या फंक्शनसारखा: बफर आणि आकार घ्यायचा, लागणारी लांबी परत द्यायची. उत्तर आकाराएवढं किंवा जास्त आलं की मजकूर कापला गेला. लांबी अधिक १ (शेवटच्या शून्य बाइटसाठी) एवढा बफर घेऊन पुन्हा बोलवा. मात्र दोन कॉलच्या मध्ये रीलोड होऊ शकतो, म्हणून लूप हवा.

स्टॅटिक बफरच्या (फंक्शनचा स्वतःचा, दर कॉलला तोच वापरला जाणारा) नादी लागू नका. एकाच प्रिंटएफमध्ये दोन वेगळ्या वेळांसाठी सीटाइम (वेळ मजकुरात देणारं फंक्शन) दोनदा बोलवून बघा, सहसा दोन्हीकडे एकच वेळ छापली जाते.

प्रश्नकर्ता:
रीलोड वेगळ्या थ्रेडवरच आहे. म्हणजे कॉन्फिग_गेट_कॉपी आणि कॉन्फिग_फ्री. जुनं कॉन्स्टवालं फंक्शन रीलोड बंद असतानाच चालेल, असं हेडरमध्ये टाकतो.

प्रतिसाद २:
नक्कल देणाऱ्या फंक्शनचा रिटर्न टाइप साधा ‘चार’ पॉइंटर ठेवा. जीलिब या सी लायब्ररीतही बहुतेक ठिकाणी कॉन्स्ट असेल तर हात लावायचा नाही, नसेल तर जी_फ्री (तिचं स्वतःचं फ्री) करायचं.