नवीन नोकरी लागली आणि लगेच घराजवळची ऑफर आली, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला नुकताच लागलोय. माणसं चांगली आहेत. साहेब स्वतः शेजारी उभे राहून सीएमएम मशीनवर सुट्या भागांचं अचूक मोजमाप घ्यायला शिकवतात. अशात नाशिकहून, सातपूर एमआयडीसीतून ऑफर आली. मुलाखत आधीच झाली होती, उत्तर आता आलं. पगार बराच जास्त. शिवाय घर सिडकोत, म्हणजे आईच्या डायलिसिसला मला सोबत जाता येईल. माझ्यासाठी हेच सगळ्यात मोठं.

प्रोबेशनमध्ये १५ दिवसांची नोटीस आहे, त्याचं काही नाही. पण नियुक्तीपत्रात ट्रेनिंगचा खर्च वसूल करण्याचंही कलम आहे. ते खरंच लावतात का? पीएफ यूएएनवर (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफ नंबर) जमा झालाय, त्यामुळे ही नोकरी पुढे दिसणारच, आणि मला ती लपवायचीही नाही. मग रेझ्युमेत एवढासा काळ कसा लिहावा? आणि साहेबांना आधी तोंडी सांगावं, की नाशिकचं पत्र हातात पडेपर्यंत थांबावं?

एचआरमध्ये असलेल्यांनी कृपया सांगा. शुक्रवारपर्यंत कळवायचंय.