'क्रीक' म्हणजे ओढा की खाडी?

प्रश्न: अमेरिकी मजकुराच्या भाषांतरात 'क्रीक'ला सगळीकडे 'खाडी' लिहिलंय. गाव समुद्रापासून शेकडो मैल आत आहे. काय वापरावं?

उत्तर १: तिथे 'ओढा'च. ब्रिटनमध्ये क्रीक म्हणजे भरतीचं पाणी आत शिरतं ती चिंचोळी खाडी. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात गोड्या पाण्याचा, नदीहून लहान प्रवाह. मूळ जुन्या नॉर्स या स्कँडिनेव्हियातल्या प्राचीन भाषेतल्या 'क्रिकी'शी जोडतात, अर्थ कोपरा, वळण. शब्दकोशात पहिला अर्थ बहुधा खाडीचा असतो आणि तोच डोळे मिटून उचलला जातो. आधी लेखक कुठला ते पाहा, मग पाणी खारं की गोडं.

उत्तर २: 'लहान'वर फार विसंबू नका. ऑस्ट्रेलियातली कूपर क्रीक सुमारे १३०० किमी लांब आहे, आणि ती बनते थॉमसन व बारकू या दोन नद्यांच्या संगमातून! तिथल्या कित्येक क्रीक एरवी कोरड्याच असतात. म्हणून विशेषनामात 'कूपर क्रीक' तसंच ठेवावं, 'कूपर ओढा' करू नये.

उत्तर ३: ओढ्यासाठीचे भाऊबंद शब्दही ओळखून ठेवा: स्कॉटलंडात 'बर्न', उत्तर इंग्लंडात 'बेक', व्हर्जिनियाकडे 'रन', न्यूयॉर्ककडे डचांकडून आलेला 'किल'. अमेरिकी यादवी युद्धातली १८६१ ची बुल रनची लढाई याच नावाच्या ओढ्याकाठची. तिथे धावण्याचा संबंध नाही. मोठ्या C ने 'क्रीक' लोक असं आलं, तर ते अमेरिकेतले मस्कोगी आदिवासी. आणि 'अप द क्रीक' म्हणजे पुरता अडचणीत सापडलेला. तिथे पाणी आणूच नका.

प्रश्नकर्ता: 'ओढा' केलं. एक 'बुल धाव'ही सापडली, तीही सुधारली.